फौजदाराचं बिऱ्हाड

गल्लीत आता शिवणाचं दुकान उरलेलं नाही. तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. पण जुनी माणसं पत्ता सांगताना अजूनही "आत्याच्या दुकानाशेजारी" असंच सांगतात, आणि नवा माणूस बिचारा आत्या शोधत गल्लीभर फिरतो.

ही आत्या खरं तर एकाच भाच्याची. तो कधीतरी सुट्टीत राहायला आला, दिवसभर "आत्या, आत्या" करून बोंबलला, आणि सुट्टी संपून तो गेला तरी नाव गल्लीला चिकटून राहिलं. पुढे तिच्याहून वयानं मोठे असलेले घरमालकही तिला आत्याच म्हणायला लागले. लग्न तिनं केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "सगळ्या गल्लीची मापं घेतली, पण मला बसेल असं एक सापडलं नाही."

दोन खोल्यांचा संसार. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि दांडीवर लोंबकळणारे बाह्या नसलेले कपडे. मागच्या खोलीत चूल, कॉट, आणि बोळात उघडणारं दार.

तिच्या हाताची ख्याती अशी, की अंगातलं उणं कपड्यात दिसायचं नाही. कोणाचा एक खांदा उतरता असेल, तर त्या बाजूला आतून गुपचूप पट्टी. पोट सुटलेलं असेल, तर पुढची चूण अशी पडायची की माणूस आरशासमोरून हलायचा नाही. "खांदा उतरलाय हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक," ती म्हणायची, "आरशाला कशाला सांगायचं?"

हीच रीत तिनं कुत्र्यांनाही लावली. कोणीतरी टाकून दिलेलं पिल्लू आत्याच्या पायरीवर यायचं आणि आत्या त्याला घर मिळवून द्यायची. चावरं पिल्लू तिच्या तोंडी "खेळकर" व्हायचं, अधाशी असेल तर "तब्येतीनं खाणारं", आणि अहोरात्र रडणारं असेल तर "राखणीला चोख". पिल्लं लहान, त्यांच्या खोड्याही लहान. खपून जायचं.

मग फौजदार आला.

पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब ट्रकमध्ये सामान भरून दुसऱ्या गावी गेलं, आणि कुत्रा मागच्या अंगणात बांधलेला राहिला. राहिला म्हणजे ठेवला. त्याचं भुंकणं शेजारच्यांना ऐकू येत होतं, पण घर रिकामं झालंय हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आत्यानं जाऊन दोरी सोडली आणि त्याला घरी आणलं. थोराड, तांबूस, एक कान मोडलेला, आणि अंगावर नुसती कातडी.

स्वभावानं अगदी गोगलगाय. कोणी आत आलं की शेपटी हलवायची आणि मशीनखाली जाऊन पसरायचं. खोड कळली ती पहिलं गिऱ्हाईक जायला उठलं तेव्हा. बाईंनी पिशवी उचलली, चपलेत पाय घातला, आणि हा उठून उंबऱ्यात आडवा. बाई पुढे सरकल्या तसा पिशवीचा बंद दातांत. चावणं नाही, फाडणं नाही, नुसतं धरून ठेवणं. बाई बसल्या, यानं सोडलं. उठल्या, धरलं.

"आत्या, जामीन कोण राहणार?" समोरचा घड्याळवाला डोळ्याचं भिंग न काढताच ओरडला. "फौजदारांनी अटक केलीय त्यांना!"

नाव तिथंच पडलं.

पुढची अटक घरमालकांची. नळ गळतोय का ते बघायला खाली आले आणि खालीच राहिले. वरून मालकीणबाईंचा आवाज, "अहो, जेवायला येताय, की तिथंच बस्तान मांडलंत?" फौजदाराला डुलकी लागली तेव्हा कुठे ते सुटले. जाताना पायरीवरून म्हणाले, "आत्या, इतक्या वर्षांत मी तुम्हाला चकार शब्द बोललो नाही. आता बोलतो. महिनाअखेर हा इथं दिसला, तर मी गाडी बोलावणार."

ती गाडी सगळ्यांना माहीत होती. भटकी कुत्री उचलून न्यायची. नेलेलं कुत्रं परत आल्याचं मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

आत्यानं कंबर कसली. निवृत्त हेडमास्तरांना कुत्रा हवा होता. त्यांच्यापुढे तिनं फौजदाराला असा काही उभा केला, की नव्या कोटातल्या नवरदेवानं लाजावं. "शिस्तीचा आहे हो मास्तर. माणसांचा लळा तर असा, की कोणाला सोडवतच नाही त्याला." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त आतून पट्टी होती. मास्तरांच्या स्वयंपाकघरात तिनं त्याच्यापुढे दूध-पाव ठेवला, आणि त्याचं तोंड ताटलीत असताना मागच्या दारानं सटकली.

काही दिवसांनी मास्तर फौजदाराला घेऊन दारात हजर.

"जावई जेवायला म्हणून आला होता," ते म्हणाले. "अजून घरीच आहे. त्याच्या ऑफिसातून फोनवर फोन. आत्ता मी याला बाहेर काढला तेव्हा कुठे तो अंघोळ करून निघायच्या तयारीला लागला. आणि आमची ही म्हणते, कुत्रा गुणाचा आहे, ठेवून घेऊ."

"मग ठेवा की!"

"आत्या, मला कुत्रा चालेल. जावई नको."

घड्याळवाल्यानं हसता हसता हातातला स्क्रू पाडला आणि पुढचा अर्धा दिवस तो शोधत बसला.

आत्या मात्र हसली नाही. आलेला फौजदार गेलेल्यापेक्षा वाईट होता. आता तो तिलाही मागच्या दाराकडे फिरकू देईना. बोळाच्या दाराला पाठ लावून पडून राही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जेवेना. पुढ्यात ताटली ठेवली, की ताटलीकडे न बघता तो आत्याच्या पायांकडे बघायचा.

"पोट बिघडलंय का त्याचं?" घड्याळवाल्यानं पायरीवर येऊन विचारलं.

"पोट कशानं बिघडतंय. मी वाढलं की त्याला वाटतं, ही निघाली." आत्या मशीनचं चाक उगाच फिरवत राहिली. "त्या लोकांनी केलं, तेच मी केलं रे. वर दूध-पाव देऊन."

 

महिना सरत आला होता. गावाबाहेरच्या रस्त्याला रोपवाटिका चालवणारी रोपवाली खिशांचा एप्रन शिवून घ्यायला आली. आत्यानं टेपला हातसुद्धा लावला नाही.

"बसायच्या आधी उभ्या उभ्या ऐका. हा कुत्रा आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. पिशवी धरतो. मास्तरांकडून परत आलाय. याला बांधून त्याची माणसं निघून गेली, आणि मीही त्याला फसवून मागच्या दारानं पळाले. आता जेवत नाही. गाडी येईल आणि घेऊन जाईल. याला घर हवंय."

रोपवाली ऐकता ऐकता बसलीच. "आणि गुण?"

"गुण मी सांगणार नाही. माझ्या गुण सांगण्यानंच ही वेळ आणलीय."

रोपवालीनं वाकून मशीनखाली बघितलं. फौजदारानंही तिच्याकडे बघितलं. "अहो, माझ्याकडे अडवायला दार कुठंय?" ती म्हणाली. "चारी बाजूंनी वाफे, मधे माझी छपरी. मी तिथंच राहते, जाते कुठं? गिऱ्हाईक येतं इकडून, जातं तिकडून. कुठं कुठं आडवा पडणार हा? पण तुम्ही सोडायला चला. आणि निघताना याच्या तोंडावर निघायचं."

एवढं बोलून ती उठली आणि अर्थातच अटक झाली. शेवटी फौजदाराला पुढे घालून दोघी एकदमच बाहेर पडल्या. बाहेर पडायचा तोच एक मार्ग होता.

वाफ्यांमधून फिरताना तो बावचळला. उंबरा शोधत होता जणू. आत्या म्हणाली, "येते हं." पिशवीचा बंद लगेच दातांत. ती पालथ्या कुंडीवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा "येते हं", पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, परत आली. मग रस्त्यापर्यंत. मग वळणापलीकडे, जिथून ती त्याला दिसणार नाही, आणि परत. प्रत्येक वेळी सांगून जायची, प्रत्येक वेळी परत यायची, आणि दर वेळी तो तिला नखशिखांत हुंगून खात्री करून घ्यायचा. सगळी दुपार हाच उद्योग.

"आत्या, रस्ता झिजेल," रोपवाली पाइप धरून हसली.

उन्हं कलली तेव्हा आत्यानं पुन्हा "येते हं" म्हटलं. फौजदार उठला, पिशवीला नाक लावलं, आणि धरलं नाही. मातीच्या पोत्यांच्या सावलीत जाऊन बसला आणि बघत राहिला. रोपवालीनं पुढ्यात ताटली सरकवली. त्यानं एकदा आत्याच्या पायांकडे बघितलं, आणि खायला लागला.

आता आत्याचाच पाय निघेना.

"जा," रोपवाली हळूच म्हणाली. "तो बघतोय तोवर जा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आत्या तिथं पोचली होती. मग आठवड्याचा रिवाजच पडला. ती छत्री घेऊन निघाली, की घड्याळवाला आपल्या टेबलावरून पुकारायचा, "निघाल्या! फौजदारांकडे हजेरी!" रोपवालीच्या गिऱ्हाइकांना फौजदारानं अधूनमधून अडवलं, नाही असं नाही. पण ती म्हणायची, थांबलेलं गिऱ्हाईक आणखी एक रोप घेतं.

बरीच वर्षं हे चाललं. आधी तो आत्याला रस्त्याच्या कडेपर्यंत पोचवायला यायचा. पुढे टाकीपर्यंत. मग म्हातारपणी पोत्यावरून नुसती मान उचलायचा, कधी तीही नाही. आत्या तरीही त्याच्यासमोर वाकून, त्याच्या मोडक्या कानाशी सांगूनच निघायची.