खुर्चीवरचा कोट

नळजोडणीच्या कचेरीत एक जुनी युक्ती होती. बाहेर सटकायचं तर कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायचा आणि शेजारच्याने लोकांना सांगायचं, "आत्ताच उठलेत, येतीलच." सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे अंगवळणी पडलेले लोक बिचारे कोटाकडे बघत बाकावर बसत.

कचेरीत सगळे ज्यांना वहिनी म्हणत, त्यांचा नवराही असाच कोट अडकवून चहाला गेला आणि रस्त्यातच कोसळला. वहिनी शेजारच्याच टेबलावर काम करायच्या. तिकडे त्याचा जीव गेला, तेव्हा इकडे त्या लोकांना हसून सांगत होत्या, "येतीलच." ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसलं. घरी भांडी घासतानाही ते स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचं.

कोट तसाच राहिला. आधी दयेपोटी कुणी हलवला नाही, मग ती सोयच झाली. नकोशी फाइल आली की ढकल त्या टेबलावर! मेलेल्या माणसाइतकं मुकाट काम घेणारं दुसरं कोण मिळणार? लोक विचारत आणि वहिनींच्या तोंडून तेच निघे. खरं बोललं तर तो खरंच जाईल, असं त्यांना वाटायचं. कधी कोटाची बाही हलल्याचा भास व्हायचा, आणि त्यांना भीती नाही, बरं वाटायचं.

मग निवडणूक झाली. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई 'खुर्ची तिथे माणूस' असं सांगत नगराध्यक्ष झाल्या. कचेरीचे धाबे दणाणले. भराभर कोट अंगावर चढले. एकच राहिला.

बाई पाहणीला आल्या. "हा कुणाचा?"

सगळ्यांनी कागदांत डोकी खुपसली.

"आत्ताच उठलेत," वहिनी म्हणाल्या. "येतीलच."

"बरं. थांबते मी."

बाई खरंच बाकावर बसल्या. नळासाठी खेटे घालणारे एक आजोबा तिथे होते. ते सरकून म्हणाले, "बसा ताई. माणूस भला असणार. कोट बघा कसा स्वच्छ ठेवलाय. भेटेल कधीतरी."

रोज वहिनीच तर तो कोट झटकत होत्या. त्या उठल्या, कोट काढून हातावर घेतला आणि त्या खुर्चीत बसल्या.

"आजोबा, ते वारले," त्या म्हणाल्या. "या, मी बघते तुमचं."

त्या संध्याकाळी भांडी घासताना 'येतीलच' ऐकू आलं नाही. नळ बंद करून वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या, आणि मग पहिल्यांदाच रडल्या.