पौषात आलेली लाल गाडी

गुलबर्ग्यात मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या पार्किंगमध्ये भर दुपारी उभं राहिलं की वाटतं, सगळ्यांनी वर्गणी काढून एकच गाडी घेतली आहे आणि तीच पुन्हा पुन्हा उभी केली आहे. पांढरी, पांढरी, राखाडी, पांढरी, मध्येच एखादी काळी. माझीही पांढरीच. कितीदा तरी मी दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढत राहते आणि मालक मागून खाकरतो. त्याला रागही येत नाही, कारण आदल्या दिवशी तो माझ्या गाडीशी झटत असतो.

माझ्या लहानपणी आमच्या बिदरकडच्या औरादमध्ये गाड्या मोजक्याच होत्या, पण काय एकेक रंग! डॉक्टरांची पोपटी, तुरीच्या अडत्याची टोमॅटोसारखी लाल, कंत्राटदाराची पिवळीधमक. गल्लीच्या तोंडाशी पोपटी गाडी दिसली की कुणाच्या तरी घरी दुखणं आहे हे गावाला कळायचं आणि बायका हातातलं काम टाकून चौकशीला निघायच्या. आता कुणाच्याही दारात कुणाचीही गाडी उभी असते आणि कुणाला काही कळत नाही. ऊन तापतं म्हणून पांढरी, धूळ दिसत नाही म्हणून राखाडी, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे विकताना भाव येतो. म्हणजे आपण गाडी घेतो ती आपल्यासाठी नव्हेच, आपल्यानंतर जो कुणी अनोळखी माणूस ती घेणार, त्याच्या आवडीची. मला या शहाणपणाचा मनापासून कंटाळा आहे, आणि तरी माझी गाडी पांढरी आहे. म्हणूनच आईचं कौतुक सांगायला बसले आहे.

आई औरादच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. बाबा गेले तेव्हा ती नोकरीत होती. नंतर निवृत्त झाली आणि घरात एकटी राहिली. भाऊ हैदराबादला, मी गुलबर्ग्याला. शेजारी काकू, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. लग्नाकार्याला, उदगीरच्या दवाखान्याला जायचं तर आईला कुणाच्या तरी गाडीत जागा आहे का, असं विचारावं लागायचं. मिळायची ती मागच्या सीटवर, आहेराच्या पिशव्या मांडीवर घेऊन. एक दिवस तिनं फोनवर सांगून टाकलं, "मी गाडी शिकायले."

शिकली शाळेच्याच मैदानावर. शिकवणारा तिचाच जुना विद्यार्थी. तो घाबरून "बाई, ब्रेक!" म्हणाला की ही म्हणायची, "ओरडू नको, मला दिसायलंय." परवाना निघाला, निवृत्तीचे पैसे हाताशी होतेच, आणि दसऱ्याला गाडी दारात आणायची असं ठरलं. रंगाचा प्रश्न तोवर कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

बिदरच्या शोरूममध्ये तिच्यासोबत मी होते. विक्रेत्या पोरानं रंगांचा तक्ता पुढे केला. नावं मोत्याची, चांदीची, चांदण्याची; रंग मात्र सगळे राखेचे. तो तक्ता बघताना मला एकदम आईचं कपाट आठवलं. बाबा गेल्यापासून प्रत्येक लग्नात तिला आहेरात जी साडी यायची, ती याच तक्त्यातली. साईचा रंग, धुतलेल्या तांदळाचा, चंदनाचा, राखाडी तर किती! देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. कुणी तसं ठरवलंही नव्हतं. फक्त तिच्यासाठी साडी निवडताना सगळ्यांचा हात आपोआप त्याच ढिगाकडे जायचा. माझासुद्धा.

"राखाडी घ्या अम्मा, वयाला शोभते," पोरगं म्हणालं.

"वय माझं झालंय, गाडीचं न्हाई," आई म्हणाली आणि तक्त्याच्या अगदी तळाशी असलेल्या लाल चौकोनावर बोट ठेवलं.

पोरगं एकदम हिंदीवर आलं. "लाल होना तो रुकना पडता अम्मा. कोई लेताच नहीं. दसरे को तो मुश्किल है."

"रुकते की," आई म्हणाली.

दसऱ्याचा मुहूर्त सोडणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. संध्याकाळी भावाचा फोन आला. पांढरी तयार आहे, उद्या मिळते, शिवाय विकताना पांढरीला भाव येतो, वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं. "आजून आनली न्हाई तर विकायचं काढलास व्हय रे?" एवढंच विचारलं आणि भाजी करपायली म्हणून फोन माझ्याकडे दिला. चुलीवर भाजी नव्हतीच.

काकूचं तसं नव्हतं. ती समोर येऊन बसली. "लाल कामून? तुला लाल कामून पाहिजे आता?"

त्या 'आता'वर मी आईकडे बघितलं. आईनं नजर वळवली नाही. "उसाचे ट्रॅक्टरवाले कुठूनबी येतेत. त्यांना लांबनं दिसावी म्हनून," ती म्हणाली. कारण खरंच होतं. पण ते एकच कारण नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही. काकू पदर झटकून उठली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिनं गाडीचा विषय काढला नाही.

दसरा गेला. दिवाळीचा पाडवा गेला. शोरूमवाला मधूनमधून फोन करून पांढरीवर सूट असल्याचं सांगायचा. भावानं दोनदा रागवून पाहिलं, एकदा लाडानं. आई तोवर पुन्हा लोकांच्या मागच्या सीटवर बसून उदगीरला जाऊन येत होती, पण लाल म्हणजे लाल. माझ्या अंगात असा हट्ट असता तर मी कुठल्या कुठे असते, असं मला तेव्हा फार वाटायचं.

गाडी आली ती पौषात. पौषात आमच्याकडे कुणी चमचासुद्धा विकत आणत नाही. मी बिदरहून आईच्या शेजारी बसून आले. दोन्ही बाजूंना तुरी काढणीला आलेल्या, शेतं तपकिरी, रस्ता धुळीनं भरलेला, समोरून येणाऱ्या गाड्या नेहमीच्याच रंगाच्या. त्या सगळ्यांतून आई जपून, ताशी चाळीसनं, ती लालभडक गाडी चालवत होती आणि टपऱ्यांवरची माणसं चहाचा कप हातात धरून बघत होती. तिला ते आवडत होतं. लपवायचा प्रयत्न करत होती, पण जमत नव्हतं.

दारात पूजेची तयारी तिनं सकाळीच करून ठेवली होती. नारळ, चाकांखाली ठेवायला लिंबं, हळदकुंकू, अक्षता, निरांजन. गाडीतून उतरून तिनं निरांजन लावलं, ताट उचललं, सरळ काकूच्या हातात दिलं आणि मागं सरकून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. भावाला, शोरूमला, मुहूर्ताला न जुमानणारी माझी आई कुंकवाचं ताट आल्याबरोबर आपण होऊन बाजूला झाली. मी "गाडी तुझी आहे, तूच कर," असं म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

काकूनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. लालावर लाल, काही दिसेना. "दिसंना की गं काहीच!" ती वैतागली आणि वरून हळदीनं गिरवलं. मग निरांजन सरळ केलं, ओवाळायला हात उचलला आणि थांबली.

"तू तिथं कामून हुबी हायस?" ती आईला म्हणाली. "मोकळ्या गाडीला ओवाळू व्हय? बस की तुझ्या जागेवर."

आईला काय करावं कळेना. मग ती आली आणि स्टेअरिंगमागे जाऊन बसली. काकूनं समोरून गाडीला ओवाळलं, अक्षता टाकल्या. मला वाटलं, झालं. पण काकू ताट घेऊन गाडीला वळसा घालून आईच्या खिडकीशी गेली.

"काच खाली घे."

"कामून?"

"घे म्हनले ना."

काच खाली गेली. काकूनं ताट खिडकीच्या उंचीवर धरलं आणि आईला ओवाळलं. सावकाश, तीनदा, घरातल्या इतर कुणालाही ओवाळावं तसं. बाबा गेल्यापासून आईला कुणी ओवाळलं नव्हतं. आई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली, दोन्ही हात स्टेअरिंगवर गच्च. तिचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायलाही तिनं हात सोडला नाही.