फांद्या टाकलेला रस्ता

शांतिसेनेतून आफ्रिकेत पोस्टिंग आलं तेव्हा मी हवालदार होतो. गाव पारनेर तालुक्यात, नोकरी एकोणीस वर्षं झालेली आणि स्वभाव जात्याच संशयी. आमची ही म्हणते, तुम्ही दूधवाल्याकडंही ओळखपत्र मागाल. फौजेत हा गुण समजला जातो, म्हणून तो वाढतच गेला.

डोंगराळ मुलूख, लाल माती, दिवसाआड पाऊस. आमच्या कंपनीचं काम पेट्रोलिंगचं. निळं हेल्मेट, पांढरी जीप. तिथली भाषा आम्हाला येत नव्हती. कंपनीला एकच इंटरप्रिटर होता आणि तो नेहमी मेजर साहेबांच्या गाडीत बसायचा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ब्रीफिंग झालं. साहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. रस्त्यात अडथळा दिसला तर अँबुश समजा. कुणी बोलण्यात गुंतवून ठेवत असेल तर तो आपल्या लोकांची वाट बघतोय असं समजा. आणि काफिला सोडू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आमच्या चार गाड्या निघाल्या. माझी शेवटची. स्टिअरिंगवर लान्स नायक मिलिंद साळवे. श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी त्याचं गाव. जिल्हा एक, म्हणून तो माझ्याशी मोकळा होता. मागे रेडिओ ऑपरेटर मंजुनाथ, कर्नाटकातला. मिलिंद गाडी चालवायचा ती अशी, की मागे बसलेल्याच्या मगातला चहा हिंदकळू नये. काष्टीच्या बाजारात बैलं टेम्पोत चढवताना हात बसलाय, असं तो सांगायचा. खरं किती होतं देव जाणे.

तीन वाजून वीस मिनिटांनी एका फाट्यावर कोळशाची पोती लादलेला ट्रक आमच्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये घुसला. तो निघेपर्यंत पुढच्या तिन्ही गाड्या दिसेनाशा झाल्या. चिखलात दोन्ही रस्त्यांवर टायरचे ताजे ठसे होते. मी डावा रस्ता दाखवला. चूक माझी.

"आल्फा वन, आल्फा फोर. तुमचं लोकेशन सांगा. ओव्हर." मंजुनाथनं चारदा विचारलं. डोंगर आडवे होते. उत्तर आलं नाही.

मागे वळायला पाहिजे होतं. मी ठरवलं, वाटेतल्या गावात विचारू. हवालदार हरवला हे साहेबांना कळायच्या आत काफिला गाठायचा होता.

गाव लागलं. पंधरा-वीस घरं, पत्र्याचं एक दुकान. काफिला जाणार होता त्या गावाचं नाव मी घेतलं. दोघांनी पुढे हात केला. लगेच तिसऱ्यानं मागे हात केला. मग तिघांची आपापसात जुंपली. एका बाईनं मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावला. माझ्या डोक्यात घंटा वाजली. ही मंडळी वेळ काढतायत.

तेवढ्यात एक माणूस जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. पन्नाशीचा असेल. गमबूट, खांद्याला फाटलेला कोट. तो भडाभडा बोलू लागला. एक हात आडवा धरून त्यावर दुसरी मूठ आपटायचा आणि पुन्हा मागे बोट करायचा. मी इंग्रजी झाडलं, हिंदी झाडलं. त्यानं दोन्ही ऐकून घेतलं आणि पुन्हा मूठ आपटली.

"उस्ताद, हा कायतरी सांगतोय," मिलिंद म्हणाला.

"सांगत नाही, रोखतोय. चल पुढं."

गाव सोडून एक किलोमीटर गेलो तर रस्त्यावर हिरव्या फांद्यांचा ढीग. गुडघ्याएवढा, आडवा, हातानं रचलेला. मिलिंदनं गाडी थांबवली. आम्ही दुर्बिणीतून दोन्ही बाजू बघितल्या. कुणी नाही.

मिलिंद म्हणाला, "आपल्याकडं वाटंवर काट्या टाकत्यात तसं दिसतंय."

ते वाक्य माझ्या वर्मी लागलं. आमच्याकडं शेतातली वाट अडवायची असली की बाभळीच्या काट्या टाकतात. माझ्या चुलत भावानं आमच्या वहिवाटीवर तशाच टाकल्या होत्या. पाच वर्षं तहसीलला खेटे घातले. त्या काट्या दर सुट्टीत मी स्वतः बाजूला ओढायचो आणि तो पुन्हा टाकायचा. रस्त्यावर फांदी म्हणजे कुणीतरी खोडी काढली, हेच माझ्या रक्तात भिनलेलं. त्यात साहेबांचं ब्रीफिंग. गावानं मुद्दाम वाट अडवली आणि आपल्याला मागे, त्यांच्या माणसांच्या तोंडात ढकलतायत, अशी माझी खात्रीच पटली.

"वरून घाल," मी म्हणालो.

मिलिंदनं घातली. पाचशे मीटरवर दुसरा ढीग. तोही ओलांडला. रस्ता उताराचा आणि वळणाचा होता. तिसरा ढीग दिसला तेव्हा त्याच्यापुढे तोच फाटक्या कोटाचा माणूस हात पसरून उभा. छाती भात्यासारखी चाललेली. आम्ही जीपमध्ये, हा पायी, आणि आमच्या आधी इथं कसा? डोंगर उतरून पायवाटेनं धावत आला असेल हे तेव्हा सुचलंच नाही. एवढंच सुचलं की हा माणूस आमच्या मागावर आहे.

मी रायफल रोखली. तो हलला नाही. मूठ हातावर आपटत राहिला.

"उस्ताद, मी उतरून चालत फुडं बघून येतो. धा मिन्टं लागतील."

"उतरायचं नाही. तेच पाहिजे त्यांना."

"आवो पन येकटाच हाय त्यो. हातात काय बी न्हाई त्याच्या."

"साळवे, ऑर्डर आहे. चल."

ऑर्डर म्हटल्यावर त्यानं गिअर टाकला. मी रायफलच्या नळीनं त्या माणसाला बाजूला हो म्हणून खुणावलं. तो माझ्याकडं बघत कडेला झाला. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

वळण संपलं तिथं ओंडक्यांचा पूल होता. खाली पावसानं फुगलेली नदी. मिलिंदनं ब्रेक दाबला, पण उतारावर लाल चिखल. जीप घसरत पुलावर गेली. मधले दोन ओंडके आधीच खचलेले होते. बाकीचे आमच्या वजनानं मोडले.

पाण्यात काय झालं ते मला तुकड्यांनी आठवतं. गाडी उजव्या कुशीवर, म्हणजे मिलिंदच्या बाजूवर पडली. कुणीतरी माझ्या कॉलरला धरून ओढलं. काठावर पडलो तेव्हा माझ्या गळ्याखालचं हाड मोडलेलं होतं. फाटका कोट पुन्हा पाण्यात गेला आणि मंजुनाथला घेऊन आला. मी ओरडलो, "मिलिंद! एक आत आहे!" मराठीतच ओरडलो. त्याला कळलं. तो तिसऱ्यांदा गेला. त्याच वेळी वरचा उरलेला पूल सुटला आणि ओंडके जीपवर आले.

दोघंही वर आले नाहीत.

बाईनं फोन लावला होता तो आमच्या काफिल्यासाठी, हे नंतर समजलं. आम्हाला शोधत मागे आलेली साहेबांची गाडी तिच्या भावानं फाट्यावर थांबवली होती. काफिला साडेपाचला पोचला. दुसऱ्या सकाळी एक किलोमीटर खाली दोन्ही देह सापडले. त्या माणसाला गावकरी घेऊन गेले. मिलिंदला आम्ही तिरंग्यात घरी पाठवला.

फील्ड हॉस्पिटलमध्ये इंटरप्रिटर माझ्या खाटेजवळ येऊन बसला. मी विचारलं, त्या फांद्या कशाच्या? तो म्हणाला, इकडं पुढं रस्ता बिघडला असला की हिरव्या फांद्या टाकतात. जितके ढीग तितका धोका जवळ. ज्याला दिसेल त्यानं टाकायच्या. पूल सकाळी खचला होता आणि सगळे ढीग त्या माणसानंच रचले होते. जवळचा रस्ता पुलावरून, म्हणून दोघं पुढं हात करत होते. तिसऱ्याला पुलाचं माहीत होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी लिहून दिलं की ड्रायव्हर पायी बघून येतो म्हणाला होता आणि पुढे जायची ऑर्डर माझी होती. मिलिंदच्या नावावर डाग येऊ द्यायचा नव्हता. शिक्षा झाली, ती योग्य होती. त्या माणसाबद्दल मी लिहिलं, स्थानिक नागरिक, पुरुष, वय अंदाजे पन्नास.

मिलिंदच्या पहिल्या स्मृतिदिनाला मी काष्टीला गेलो. अंगणात बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, शेजारी युनिफॉर्ममधला मिलिंद. मेणबत्त्या लावल्या होत्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याचं नाव घेऊन त्याला पुण्य अर्पण करण्याच्या, विधीआधी मी मिलिंदच्या वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. ऑर्डरसकट. ते मला घराबाहेर काढतील असं वाटलं होतं. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

आबा विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांना म्हणाले, "पुण्यानुमोदन दोघांचं करा. माझ्या पोरासाठी पान्यात उतरला त्यो मानूस." आणि माझ्याकडं वळले. "नाव काय त्याचं?"

"माहीत नाही, आबा."

"तुमी नंतर बी तितंच हुता ना?"

"सहा महिने होतो, आबा."

"मग?"

"भाषा येत नव्हती."

"नाव इचारायला भाषा लागती व्हय?"

इंटरप्रिटर तासभर खाटेजवळ होता. मी फक्त फांद्यांचं विचारलं होतं. त्यानंतर बटालियनला पत्रं लिहिली, इंटरप्रिटरचा पत्ता शोधला. युनिटं बदलली, माणसं पांगली. उत्तर आलेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी मी काष्टीला जातो. बौद्धाचार्य मिलिंद साळवे म्हणतात आणि मग दुसऱ्या नावाच्या जागी जरा थांबतात. सगळं अंगण थांबतं. मी सावधानमध्ये उभा असतो, आणि ती जागा माझ्यामुळं रिकामी आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं.