निर्मल, बाजारहत्नूर, बेला: तीन गावांचे फोन राखताना

आदिलाबादला फिरायला जाताय? निर्मलची लाकडी खेळणी जरूर घ्या, पण बेल्याची वाटही चुकवू नका. मी पहिल्यांदा गेले ती कामासाठी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. आमच्या कंपनीला तीन टेलिफोन एक्सचेंजांत देखरेखीचे कॉम्प्युटर बसवायचे होते. ते ठरावीक वेळाने एकमेकांना फोन करणार आणि एखादा गप्प राहिला की बाकीचे घंटी वाजवणार. सोबत होते आमचे जुने तंत्रज्ञ विनायकराव.

नागपूरहून जीपने निघालो. पांढरकवड्यापर्यंत रस्ता बरा होता, पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर मात्र खड्डेच खड्डे. निर्मलचं काम पटकन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारहत्नूरला मशीन सुरू झालं, पण तिथल्या एक्सचेंजच्या मनोऱ्यावरची वायर बदलायची राहिली होती. "तुम्ही बेल्याला व्हा पुढे," विनायकराव म्हणाले. "मी उद्याच्या बसने येतो."

बेल्याच्या चौफेर कपाशी. एक्सचेंज सांभाळणारे शंकरभाऊ दारातच उभे होते.

"म्याडम, हा डबा काऊन लावून राह्यले तुमी?"

"तुमचा फोन बंद पडला तर निर्मलला लगेच कळेल."

"मंग बरं हाय. आता तं आमाले बसनं आदिलाबादले जाऊन सांगा लागते, का बा फोन मेला."

त्याच दुपारी मशीन लागलं आणि थोड्याच वेळात आभाळ भरून आलं. विजा कडाडू लागल्या. तेवढ्यात घंटी वाजली. पडद्यावर अक्षरं होती: बाजारहत्नूर उत्तर देत नाही. मला वाटलं, आपलीच लाइन गेली. निर्मलला फोन लावला. तिथलंही मशीन तेच सांगत होतं. म्हणजे बिघाड बाजारहत्नूरलाच होता, आणि विनायकराव मनोऱ्यावर.

मी जीपकडे धावले. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. नाल्याला पूर आला होता, पलीकडची बसही अडकून पडली होती. मी परत येऊन पडद्यासमोर बसले. शंकरभाऊंच्या बायकोने, सुमनताईंनी, ज्वारीची भाकर आणि ठेचा आणून ठेवला. मी ताट बाजूला सारलं. "खा वं माय," त्या म्हणाल्या, "फोन आला तं बोलाले तरी ताकद पायजे."

सांज होता होता पाऊस ओसरला. पडद्यावरची ओळ बदलली: बाजारहत्नूर सुरू. मी ओरडलेच. पाठोपाठ फोन खणखणला. शंकरभाऊंनी उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवले का तुमी?"

मग रिसीव्हर माझ्या हातात आला. "वीज चमकताच खाली उतरलो," विनायकराव सांगत होते. "मशीनची आणि एक्सचेंजची, दोन्ही वायरी काढून ठेवल्या. वीज मनोऱ्यावरच पडली, पण आत काही जळलं नाही. तुम्ही घाबरला नाहीत ना?"

"नाही," म्हटलं, आणि रडू कोसळलं. सुमनताईंनी ताट पुन्हा पुढे सरकवलं. तो ठेचा डोळ्यांतून पाणी काढणारा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

तो रस्ता आता गुळगुळीत झालाय म्हणतात. जाल तर पावसाळा सरल्यावर जा, कपाशी फुटलेली असते. त्या खेपेला नागपूरला परतल्यावर विनायकरावांना त्यांच्या दारात सोडलं. आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, "कशी झाली ट्रिप?" ते चपला काढत म्हणाले, "मस्त. थोडा पाऊस लागला." मी जीपमध्येच बसून हसत राहिले. कितीतरी वेळ.