भुजंगरावांची दस्ती

माझे वडील उदगीरच्या आडत बाजारात हमाल होते. पाठीवर पोतं आणि हातात आकडी. संध्याकाळी घरी येऊन मान धुतली की त्या पाण्यालाही तुरीच्या भुशाचा वास यायचा. रेल्वे स्टेशनच्या मागं पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही सहा जण. बाजार उठला की आई आडतीसमोर सांडलेलं धान्य झाडून आणायची, ते निवडून आमची भाकर व्हायची. शाळेत डबा खाताना दाताखाली खडा आला तर बाकीच्या मुली थुंकायच्या. आम्ही बहिणी तो जिभेनं बाजूला काढायचो आणि बोलत राहायचो. अशा घरातून मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. आणि पहिल्याच मुलाखतीत वडील काय करतात असं विचारल्यावर मान ताठ ठेवून सांगितलं, "धान्याच्या व्यापारात आहेत." हे आधी सांगून टाकते, कारण ज्या माणसावर लिहायला बसले आहे त्यालाही मी हेच सांगितलं, ते खोटं त्यानं पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं आणि पुढं कितीतरी महिने चारचौघांत मला त्यावरून टोचलं होतं.

भुजंगराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका गाडीच्या उघड्या दारापाशी उभी होते. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि लेकराची सीट बसवणाऱ्या बापाला सांगितलं, "पट्टा अजून ढिला आहे, परत ओढा." रडू आलं नाही. रडू आलं ते लातूरच्या शोकसभेत, आणि तेही संतापानं. 'प्रेमळ', 'सर्वांना सांभाळून घेणारे', 'गोड स्वभावाचे'... एकामागून एक माणसं उठून बोलत होती. त्यातल्या एकानं भुजंगरावांना आपल्या गाड्यांच्या दुकानातून हाकललं होतं. म्हणे, लेकरांच्या अपघाताच्या गोष्टी करता, गिऱ्हाईक बिचकतं. दुसऱ्यानं, ज्याच्या स्वतःच्या नातवाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन फिरवतात, डोळ्याला रुमाल लावला. मी उठून बाहेर आले. भुजंगराव प्रेमळ नव्हते. ते तोंडाळ होते, संशयी होते, आणि माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मेल्यावर त्यांना गोड करून खाणाऱ्यांत मी बसणार नाही.

लातुरात त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. गाडी एक, पण तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक त्यांच्या. लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की लोक गाड्या घेतात, काही जण लेकरांसाठी वेगळी सीटही घेतात, पण ती बसवता कोणालाच येत नाही. आईबापांना शिकवणारी माणसं तयार करा. डॉक्टरांनी दवाखान्यामागची पार्किंगची जागा आणि तीन सीटा दिल्या. भुजंगरावांनी आमची निवड केली. त्यात अंगणवाडीच्या दोन बाया होत्या, एक जीपवाला, मी, आणि गाड्यांची कुशनं शिवणारा अक्रम. अक्रमची शाळा आठवीत सुटलेली. मी माहितीपुस्तक तीन दिवसांत पाठ केलं. लेखी परीक्षेत पहिली आले. भुजंगरावांनी पेपर बघितला, घडी घातली आणि त्यानं वारा घेत म्हणाले, "बीएस्सी, लई झ्याक. आता हात मागं घे."

हीच त्यांची रीत. खिशातून दस्ती काढायची, निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल, मान पुसून पुसून विटलेला, आणि शिकवणाऱ्याचे दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. मग समोर आई किंवा बाप उभा करायचा. शिकवणाऱ्यानं फक्त बोलायचं. सीट बसवायची ती आईबापानं. मी चिडले. मला येतं, मी दोन मिनिटांत बसवून दाखवते, लोक बघून शिकतील, असं म्हणाले. ते हसले नाहीत. "माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक हाय. पोरगं चुकलं की मी दाबतो. ही बाई उद्या पाहुण्यांना बसायला जागा पायजे म्हणून सीट काढंल, परवा परत लावंल. तवा तिच्या गाडीत तुझे हात असणार हायत का? सांग की, धान्याचे व्यापारी!"

या हात बांधलेल्या पहिल्या परीक्षेत मी नापास. बांधलेली दस्ती हिसडून काढली आणि आईच्या हातातला पट्टा ओढून घेतला. दुसऱ्यांदाही तेच. अक्रम पहिल्याच फेरीत पास झाला. चहाच्या गाड्यावर तो मला समजावत होता, "आपा, गुस्सा नक्को करो. मी रोज गिऱ्हाइकाला बोलूनच समजावतो ना, मशीनवर थोडंच बसवतो त्याला?" मी कप तसाच ठेवून निघून आले. आठवी शिकलेला पास आणि मी नापास. भुजंगरावांचा मी त्या दिवसापासून मनापासून द्वेष केला, आणि हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

पट्टा मी का हिसकावते, हे मला ठाऊक होतं. ते कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या ताईचा मुलगा ओम दहा महिन्यांचा असताना त्याचं जावळ काढायला आम्ही जीपनं माहूरला निघालो होतो. पुढच्या सीटवर ऐसपैस जागा, म्हणून तिथं मला बसवलं आणि ओमला माझ्या मांडीवर दिलं. ताईची सासू म्हणाली होती, "मावशी शिकलेली हाय, ती नीट धरंल." मी नीटच धरलं होतं. दोन्ही हातांनी, पोटाशी. वळणावर म्हैस आडवी आली, जीप थांबली, आणि माझे हात रिकामे होते... ओम वाचला. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. ताई मला आजवर एका शब्दानं बोलली नाही, पण त्या दिवसानंतर तिनं दुसरं लेकरू कधी माझ्या हातात दिलं नाही.

भुजंगरावांचा एक प्रयोग असायचा. पिशवीत जोंधळे भरायचे, दहा महिन्यांच्या लेकराएवढ्या वजनाचे, आणि पट्टा लावून बसलेल्या शिकाऊ माणसाच्या मांडीवर ती पिशवी द्यायची. रिकाम्या मैदानावर सायकलच्या वेगानं गाडी न्यायची आणि न सांगता ब्रेक दाबायचा. माझी पाळी आली. मी पिशवी घेईना.

"धर."

"मी नाही घेणार."

"कामून? व्यापाऱ्याच्या लेकीला पोत्याचा इटाळ हाय का?"

मागं अंगणवाडीच्या बाया बसल्या होत्या, अक्रम बसला होता. माझा तोल गेला. ओमचं सगळं मी ओरडून सांगितलं, आणि वडील हमाल आहेत हेही. का सांगितलं ते माहीत नाही, एकात एक निघालं. भुजंगरावांनी समोर बघतच विचारलं, "मंग हितं काय नवस फेडायला आलीस? हे देऊळ न्हाई. धर पिशवी." मागून एक बाई म्हणाली, "सर, र्‍हाऊ द्या की." ते तिच्यावर खेकसले. मी पिशवी पोटाशी घट्ट आवळली. गाडी दहा पावलं गेली असेल. ब्रेक लागला आणि पिशवी समोर आपटून फुटली, सगळ्या गाडीत जोंधळे. ते म्हणाले, "पैलवान बसवला असता तरी सुटलं असतं. बघितलंस न्हवं? आता बायांना हे सांग. तुझं रडगाणं नको सांगूस." मग मलाच ते जोंधळे वेचायला लावले. आमच्या आईसारखे, एक एक करून. लोक म्हणतात, त्यांनी तुझं ओझं उतरवलं. उतरवलं असेल. पण चार माणसांसमोर असं उतरवायचा हक्क त्यांना कोणी दिला होता? मी त्यांना माफ केलेलं नाही.

तिसऱ्या परीक्षेला निलंग्याकडची एक बाई आली होती, नवीन गाडी, दहा-अकरा महिन्यांची मुलगी, आणि बरोबर सासू. माझे हात बांधलेले. सासूनं सीट बघितली आणि सुरू झाली. "लेकराला दाव्याला बांधता व्हय, वासरावानी?" मी सांगितलं, एवढ्या लहान बाळाचं तोंड मागच्या काचेकडं ठेवायचं. "उलटं तोंड? धिंड काढायची हाय का आमच्या नातीची? गाढव तेवढं कमी हाय!" सगळे हसले. भुजंगरावही हसले. सून बिचारी घामाघूम. मी पुस्तकातलं एकेक वाक्य सांगत होते, "पट्टा मार्गिकेतून घेऊन योग्य ताण द्यावा," आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. सीट हातभर हालत होती. माझे हात दस्तीत शिवशिवत होते. गाठ सैलच असायची, हिसडा दिला असता तर सुटलीच असती. भुजंगराव माझ्याकडं बघत होते. तिसऱ्यांदा नापास झालं की घरी, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

आणि मला एकदम आबा, माझे वडील, दिसले. टेम्पो भरून झाला की वरच्या थरावर चढायचे, पोत्यावर गुडघा रोवायचे, सगळा भार त्या गुडघ्यावर द्यायचे आणि मगच दोर ओढायचे. नुसता ओढलेला दोर पहिल्या खड्ड्याला ढिला पडतो. मी पुस्तक सोडलं. "ताई, तुमच्याकडं सोयाबीनची पोती टेम्पोत भरतात ना? वरून दोर कसा आवळतात?" ती म्हणाली, "गुडघा देऊन." "मग द्या की गुडघा! सीटवर द्या, सगळं वजन टाका. आता पट्टा ओढा. अजून. माझे वडील हमाल आहेत, उदगीरला. त्यांचा दोर कधी सुटला नाही. ओढा!" सासू पुढं झाली. "सरक गं, तुला न्हाई जमत," म्हणत तिनंच गुडघा रोवला आणि सुनेला म्हणाली, "आता वढ!" दोघींनी मिळून आवळलं. भुजंगरावांनी सीट धरून हलवली. बोटभरही हालेना. मग मुलीला आत बसवलं, आईनंच तिचे पट्टे लावले. भुजंगरावांनी खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून बघितला, चिमटीत काही आलं नाही. ते माझ्या मागं आले, गाठ सोडली, दस्तीनं स्वतःची मान पुसली. शाबासकी दिली नाही. म्हणाले, "नांदेडला कोणी न्हाई. तू जा."

नांदेडला मी तीन वर्षं माणसं जमवतेय. आधी मी जाहिरातीत 'फक्त पदवीधर' असं लिहिलं होतं. त्यांना कळल्यावर फोन आला, "स्वतः शिडी चढलीस अन् वढून घेऊन राहिलीस काय?" फोन आपटला. आम्ही सहा महिने बोललो नाही. पण जाहिरात मी बदलली, आणि हे त्यांना कळवलं नाही. ते समाधान मला द्यायचं नव्हतं.

शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात. ते सलाईनच्या सुया उपटून काढायचे म्हणून सिस्टरनं त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाला बांधले होते. आवाज बसला होता, पण जीभ तीच. "नांदेडचे किती पास?"

"सहा बसले, चार पास."

"नापास कोन?"

"एक एम.एस्सी. आणि एक ड्रायव्हर. दोघांनी पट्ट्याला हात लावला."

त्यांच्या छातीतून काहीतरी आवाज आला, हसू असावं. मग हात थोडा उचलून म्हणाले, "बीएस्सी, सोड गं जरा."

मी उभी होते. गाठ साधीच होती, मला एका ओढीत सुटली असती. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले... मुद्दाम नाही, तसेच गेले. त्यांनी बघितलं. "हां," एवढंच म्हणाले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तो "हां" रागाचा होता की कसला, हे मला आता कधीच कळणार नाही. मी सिस्टरला बोलवायला गेले. परत आले तेव्हा त्यांना डोळा लागला होता. आठव्या दिवशी फोन आला.

तेराव्याला त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला आत बोलावलं. कपाटातून घडी केलेली निळ्या चौकड्यांची दस्ती काढली, स्वच्छ धुतलेली. "तुला द्या म्हणले होते." मी विचारलं, अजून काही म्हणाले का? काकूंनी आठवून बघितलं. "गाठ सैल मारत जा म्हणावं तिला, म्हणले. जोरात बांधती म्हणं, कोनीतरी सांगितलं त्यांना." जातानाही चूकच काढून गेला हा माणूस.

दस्ती आता माझ्या पिशवीत असते, सीटच्या माहितीपुस्तकाच्या घडीत. गेल्या रविवारी नांदेडच्या नव्या लोकांना तिनंच बांधलं. गाठ सैल मारली. लातूर आणि नांदेड मिळून आज आम्ही अकरा जण शिकवतो. आमच्यातले पाच जण दहावीच्या पुढं गेलेले नाहीत. पट्ट्याला हात कोणीही लावत नाही.