चालू लाईनवरचं काम

सरावलीच्या रतन वायरमनने तीस वर्षांत चालू लाईनला कधी हात लावला नव्हता. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन बंद. एका लग्नात तर दिव्यांच्या माळेतला फॉल्ट काढायला त्याने ऐनवेळी अख्खा मांडव काळोखात घातला, आणि नवरीने हार घातला तो नवरदेवाच्या मामाला.

२०१७च्या मार्चात हाच रतन चिकूच्या वाडीत पंपाचा स्टार्टर उघडता उघडता चक्कर येऊन पडला. डहाणूच्या डॉक्टरांनी हृदयाची ईसीजीची पट्टी काढली. "नाडी चौतीस. ब्लॉक आहे, आजच वापीला जा," म्हणाले.

रतनने 'ब्लॉक' तेवढा ऐकला. ब्लॉक म्हणजे नळीत चरबी, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "बायजा, आजपासून माझं तेल बंद."

चार दिवस त्याने उकडलेला दुधी खाल्ला. बायजा बोंबील तळायला बसली की तो खिडकीशी उभा राहून वास ओढून घेई. "वासात चरबी नसते," म्हणे. पाचव्या दिवशी तो जेवता जेवता ताटावरच आडवा झाला. मग बायजाने त्याला न विचारताच गाडी बोलावली.

वापीचे डॉक्टर गुजराती, पण मराठी झकास. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, नळ्या स्वच्छ आहेत तुमच्या. हा विजेचा ब्लॉक आहे. हृदय स्वतःचा करंट स्वतः बनवतं, वरच्या कप्प्यात. तो मधल्या ठाण्यावर क्षणभर थांबतो, मग खालच्या कप्प्यांत उतरतो आणि ठोका पडतो. तुमचा मध्येच अडकतोय. खालचे कप्पे आपल्या मनाने रडतखडत चाललेत."

रतन म्हणाला, "म्हणजे फॉल्ट वायरिंगचा. आणि मी दुधी खातोय."

"आणि मी उकडतेय," बायजा म्हणाली.

"छातीत बॅटरीचं छोटं यंत्र बसवू, त्याची तार खालच्या कप्प्यात सोडू," डॉक्टर म्हणाले. "नाही बसवलं तर पुढची चक्कर शेवटची ठरेल."

"बसवा की. मेन कधी बंद करणार?"

"मेन बंद केला तर तुम्हीच बंद. हे काम चालू लाईनवरच होतं."

रतनने संमतीच्या कागदावर सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "मग नाही जमायचं."

"अहो, शिकलेले आहेत ते," बायजा म्हणाली.

"शिकलेलेच तारेला चिकटतात."

बायजाने पेन उचलून त्याच्या बोटांत कोंबलं. "हात ते लावणार, तुम्ही नाही. तुम्ही फक्त तार आहात. तारेने कधी तुम्हाला विचारलं होतं?"

रतनने पेन नीट धरलं. "करतो सही. पण मी जागा राहणार. नजर ठेवायला."

"जागेच असाल," डॉक्टर म्हणाले. "भूल तेवढ्या जागेपुरतीच देतो."

मग तासभर टेबलावरून सूचना सुटत होत्या. "तार ताणू नका. थोडी ढिली सोडा. स्क्रू आवळला? ओढून बघा एकदा." पडद्यावर चौतीसचे साठ झाले, गार पडलेल्या पायांत ऊब आली, तेव्हा कुठे त्याचं तोंड मिटलं. तेही घटकाभरच. "आता टेप गुंडाळा," तो म्हणाला.

डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. बायजा उभी राहिली.

"काम मस्त झालं, काकी. बॅटरी दहा वर्षं चालेल," ते म्हणाले. "ती बदलायला आणाल, तेव्हा मात्र काकांना पूर्ण झोपवणार."