घंटेच्या आवाजात शेकरू कसं दिसणार?

यंदाही शेकरू दिसलं नाही तर दोन्ही सायकली विकायच्या, असं माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, जाहीर केलं. शेजारच्या समीरला तसं सांगूनही ठेवलं. भीमाशंकरच्या अभयारण्यातून आम्ही दोनदा नुसती माकडं पाहून परतलो होतो. पन्नाशीत एका खारीसाठी एवढा हट्ट कशाला, असं त्याचं म्हणणं. पण ही खार मांजराएवढी असते हो! मी तेव्हाच जाड टायरांत हवा भरायला घेतली.

सायकली गाडीवर लादून आधी निमगाव सावाला माझ्या मावशीकडे गेलो. तिथून डांबर टाळून उसामधल्या कच्च्या वाटांनी मंचर गाठता येतं. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांपैकी एकच धरा, मध्ये घुसलात की आपटलात. हे मी कोपर खरचटवून घेऊन सांगतेय.

निघताना मावशीचे शेजारी अनंताभाऊ आले. ते मेंढरं पाळतात. त्यांनी मिलिंदच्या हँडलला मेंढीच्या गळ्यातली घंटा बांधली.

"पावणं, उसाच्या कडंनं गुमान जायाचं न्हाई. आमीबी मोबाईलवर गाणी लावूनच जातो."

"बिबट्या आहे इथे?" मिलिंदचा आवाज बारीक झाला.

"लई हायेत. पर चाहूल लागली की त्यो आपला बाजूला व्हतो, राव."

सल्ला चोख आहे, तुम्हीही पाळा, आणि अंधार पडायच्या आत गाव गाठा. मिलिंदने तो जरा जास्तच मनावर घेतला. वाट सपाट असली तरी हँडल हलवून घंटा वाजवायची! घोडेगावात मुक्कामाला पोचेपर्यंत माझं डोकं उठलं होतं. मासवडीचा झणझणीत रस्सा पोटात गेल्यावर मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेने आहुप्याच्या देवराईकडे निघालो. चढ दमवतो, पण डावी-उजवीकडे बघत थांबायला निमित्त मिळतं. घंटा चालूच.

"अरे, इथे ऊस नाही," मी म्हणाले.

"ते बिबट्याला ठाऊक आहे का?"

आता मात्र मी खरंच चिडले. एवढी लांब येऊन मला पुन्हा रिकाम्या फांद्या बघायच्या नव्हत्या.

वाटेत हिराबाईंच्या घरी जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. माणशी दीडशे रुपये, आणि आग्रह भरपूर.

"तुमची घंटा पार खालच्या वळणावरनं ऐकली," त्या हसत म्हणाल्या. "देवराईत जायचं ना? तितं चपला भाईर काढायच्या, काटकीबी उचलायची नाय. अन् देवाच्या रानात गलका नगं."

देवराईपाशी आम्ही सायकली लावल्या, बूट काढले. त्याने घंटा सोडली, आपला मोजा तिच्यात कोंबला आणि ती खिशात टाकली. मग अनवाणी माझ्या मागोमाग आत आला.

आत गारवा होता. थोड्या वेळाने वर पानं खसखसली. तांबूस पाठ, फिकट पोट, झुपकेदार लांब शेपटी. शेकरू आमच्या डोक्यावर फळ कुरतडत बसलं होतं! मी वरची नजर न काढता मिलिंदचा हात ओढला. तो वळेना म्हणून पाहिलं. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी निवांत वर बघावं म्हणून मागच्या वाटेवर पहारा देत होता. तो वळेपर्यंत फांदी मोकळी झाली. शेकरू दिसल्याचा आनंद होताच, पण मला भरून आलं ते मिलिंदच्या पाठीकडे बघून.

पुण्याला परतून आता आठवडा झाला. पोटऱ्या अजून बोलतात, कोपराची खपली निघतेय. डोळे मिटले की ती शेपटी दिसते, आणि तिच्याखाली अनवाणी उभा असलेला माझा भित्रा नवरा.

काल समीर आला. "काका, नाहीच दिसलं ना शेकरू? मग सायकल नेऊ?"

मिलिंद चेनला तेल देत होता. मान वर न करता म्हणाला, "हिला दिसलं. मी कुठे पाहिलंय अजून?"